एक चमचा, कोरडाच

मी हे लिहायला बसले तर माय म्हणाली, "कशाला लिवतीस गं? लोकं हसतील." हसू देत. दवाखान्यात पडले होते तेव्हा लोकं हसायला नव्हती आली, बघायला आली होती. येताना केळी आणायची, आणि किडनीच्या माणसाला केळं म्हणजे विष. खाटेपाशी उभी राहायची, मानेतल्या नळीकडं बघून तोंड वाकडं करायची, आणि मायला बाजूला घेऊन विचारायची, "आता हिच्या लग्नाचं कसं?" त्यापेक्षा हसलेलं परवडलं.

ज्या पोरी आज पहाटे भरतीसाठी पळायला जातात आणि कुणीतरी दिलेल्या डब्यातला चमचा तोंडात टाकतात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते. डॉक्टरी मला कळत नाही. मला फक्त माझ्यावर काय बेतलं ते सांगता येतं. त्यात माझी स्वतःची एक करणी आहे, ती किडनी जाण्यापेक्षा वाईट आहे. तीही सांगणार आहे. मध्येच गाळली तर लिहिण्यात काय अर्थ?

डबा

माझं नाव प्रज्ञा. गाव चाकूर तालुक्यात. पप्पा शाळेत शिपाई. माय रोजानं शेतात जायची, पण त्या वर्षी शेतात जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते वर्ष. बारावीनंतर दोन वर्षं घरी बसले होते, मग पप्पांनी मला लातूरच्या एका भरती अकॅडमीत घातलं. "वर्दी घालूनच घरी ये," असं म्हणून एसटीत बसवून दिलं.

आमचे सर चाळिशीचे. ते स्वतः दोनदा भरतीत उतरले आणि दोन्ही वेळा राहिले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण बोलायला असे की पोरींनी ऐकतच राहावं. तेव्हा आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, उदगीरचा नवा जिल्हा होणार. सर रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून तेच सांगायचे. "जिल्हा झाला की नवा एसपी येतो. नवा एसपी आला की नवं हेडक्वार्टर. म्हंजे नव्या जागा! आज या मैदानावर घाम गाळाल तर तवा पहिल्या लिस्टात नाव. न्हाईतर जावा घरी, खुरपं वाट बघून राहिलंय." नवा जिल्हा अजूनही झालेला नाही. आम्ही मात्र जणू उद्याच होणार म्हणून पळत होतो.

खोलीत आम्ही दोघी होतो. मी आणि जयश्री. ती उमरीकडची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, घरचं चार एकर रान. पहिला महिना तिनं आपला तांब्या वेगळा ठेवला. मी बघून न बघितल्यासारखं केलं, असलं बघायची आम्हाला सवय असते. पण पाणी इतकं कमी व्हायला लागलं की दोन तांबे भरायचे कशानं? दोघींत मिळून दिवसाला दोन घागरी, त्यातच आंघोळ, कपडे, भांडी. एके दिवशी ती पळून आली आणि माझा तांब्या उचलून गटागटा प्याली. मग लाजून म्हणाली, "रागावू नको अक्का, आईनं सांगितलं होतं म्हणून वेगळा ठेवला होता." त्या दिवसापासून मी तिची अक्का झाले आणि ती माझी जयू.

पावडरचा डबा सरांनीच आणला. काळा, मोठा, वर इंग्रजी अक्षरं आणि एका कोपऱ्यात फुलाचं चित्र. "हे नॅचरल हाय," सर म्हणाले. "फुलाचा अर्क हाय. मोठमोठे पैलवान घेतात. ताकद येती, दम लागत न्हाई." ज्यांचा टाइम चांगला त्यांनाच डबा मिळायचा, म्हणून डबा मिळणं म्हणजे मान. मला मिळाला तेव्हा मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते.

मैदान

आता आमची चूक सांगते. ही चूक बाहेरचं कुणी करणार नाही, ती आमच्यासारख्या पोरीच करू जाणोत.

डब्यावर लिहिलं होतं की एक चमचा पावडर ग्लासभर पाण्यात घालून प्यायची आणि दिवसभर भरपूर पाणी पीत राहायचं. पण मैदानावर पोरींसाठी संडास नव्हता, साधा आडोसा नव्हता. पोरं भिंतीकडं तोंड करून मोकळी व्हायची. आम्ही काय करणार? म्हणून आम्ही सगळ्याच पोरी पाणीच प्यायचो नाही. पहाटे उठल्यापासून खोलीवर परत येईपर्यंत एक थेंब नाही. त्यात दुष्काळ, खोलीवर तरी पाणी कुठं सांडून राहिलं होतं!

मी सरांना विचारलं, "सर, हे ग्लासभर पाण्यात घ्यायचं म्हणतात. मग मधीच जावं लागंल."

सर म्हणाले, "तर मग कोरडंच टाक की. जिभेवर टाकायचं आन वरून एक घोट."

मग आम्ही कोरडंच टाकायला लागलो. एक चमचा जिभेवर, वर एक घोट. आंबट-कडू चव, नाकातून धूर निघाल्यासारखं व्हायचं. दहा मिनिटांत डोक्याच्या कातडीवर मुंग्या चालायच्या, कान तापायचे, छाती धाडधाड वाजायची. दात आपोआप एकमेकांवर घासायचे. आणि मग पळायला सुटलं की पायाखाली जमीन आहे की नाही तेही कळायचं नाही. तहान नाही, भूक नाही, दम नाही. मला वाटायचं, मी हीच आहे! इतके दिवस उगाच दमत होते.

दम का लागतो, ते मला आता कळतं. शरीर सांगत असतं, बाई, थांब. त्या पावडरनं शरीराचं तोंड दाबून धरलं होतं.

पडले त्या दिवशी सरांनी आम्हाला अकरा वाजता पळवलं. "भरती उन्हातच व्हणार हाय, सवय करा." आठशे मीटर एकदा झालं. दुसऱ्यांदा सुटले आणि अर्ध्यात मांड्या लाकडासारख्या झाल्या. मी पळत होते, पाय माझे नव्हते. मग मैदान आडवं झालं. जयूचा आवाज येत होता, "अक्का, अक्का," आणि कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. मला अजून आठवतंय, मनात आलं, कशाला वाया घालवून राहिलेत.

"काही घेत होतीस का?"

सरांच्या गाडीत मी मागच्या सीटवर आडवी होते, डोकं जयूच्या मांडीवर. सर आरशातून बघत म्हणाले, "प्रज्ञा, ऐकून राहिलीस का? ऊन लागलं म्हण. पावडरचं तोंडातून काढू नको. कागदावर नशेचा शेरा आला तर पोलीस व्हेरिफिकेशनला कायमची बाद. जन्मात वर्दी मिळायची न्हाई. आन तुझ्यापायी या बाकीच्या पोरींचं बी वाटोळं व्हईल."

मी मान हलवली. जयूनंही हलवली.

पहिल्या दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळी मला लघवी झाली, ती पाहून माझे डोळे पांढरे झाले. कोऱ्या चहासारखी, अगदी काळी. सिस्टरला सांगितलं तर ती पळतच डॉक्टरांकडं गेली. दुसऱ्या दिवशी लघवी झालीच नाही. पायांना सूज, तोंडाला सूज, मांड्यांना बोट लावलं तरी किंचाळत होते. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर खाटेवर बसले. डॉक्टर खाटेवर बसला की समजायचं, काहीतरी वाईट आहे.

ते म्हणाले, "बेटा, तुझे स्नायू फुटलेत. त्याचा गाळ रक्तातून किडनीत जाऊन बसलाय. किडन्या बंद पडल्यात. डायलिसिस करावं लागेल. तू काही घेत होतीस का? गोळी, इंजेक्शन, पावडर?"

खाटेच्या पायथ्याशी सर उभे होते, हाताची घडी घालून.

"न्हाई सर," मी म्हणाले. "ऊन लागलं."

माय तिथंच होती. तिला किडनी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, भरती पंधरा दिसांवर हाय. तवर बरी व्हईल का?" डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि रिपोर्ट फाइलला लावून उठले.

मशीन

तिथं डायलिसिसची मशीन होती, पण पाणी नव्हतं. त्या मशीनला पाणी लागतं, तेही गाळून-गाळून शुद्ध केलेलं, आणि टँकर दोन दिवसांनी येणार होता. डॉक्टर म्हणाले, "नांदेडला न्या, आजच." ॲम्ब्युलन्स चाकूरवरून गेली. आमच्या गावच्या मोडावर पप्पा उभे होते, मायनं फोन केला होता. गाडी थांबली. पप्पांनी मागचं दार उघडून आत बघितलं. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवतील. ते म्हणाले, "वर्दी घालून ये म्हणलो होतो," आणि दार लावून घेतलं.

नांदेडला मानेत नळी घातली. भूल दिली तरी कळतं. एक दिवसाआड चार तास. आपलं रक्त आपल्या डोळ्यांसमोर नळीतून जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं, थंडगार होऊन. पहिल्या बैठकीला मी इतकी थरथरले की खाट वाजत होती.

सिस्टर सहज बोलता बोलता म्हणाल्या की या मशीनला एका बैठकीला शंभरावर लिटर पाणी लागतं. माय जेवणाचा डबा उघडून राहिली होती, तिचा हात तिथंच थांबला.

"म्हंजे हिच्या एकटीला रोज सात-आठ घागरी?"

"रोज नाही मावशी, एक दिवसाआड."

आमच्या गल्लीत टँकर आठवड्याला एकदा यायचा आणि घरटी मोजून घागरी मिळायच्या. मायनं मशीनकडं बघितलं, जशी एखादी बाई दुसऱ्याच्या शेतातल्या भरल्या विहिरीकडं बघते. मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मला तिचा राग आला. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा.

इथल्या डॉक्टर मॅडम होत्या. बारीक चणीच्या, बोलायला कडक. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला एकटीला गाठून विचारलं. सर नव्हते, माय नव्हती. "नुसत्या उन्हानं तुझ्या वयात एवढं होत नाही. खरं सांग बेटा, काय घेत होतीस?"

"काहीच न्हाई मॅडम."

लातूरला सर समोर होते म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला समजावू शकते. नांदेडला कुणी नव्हतं. तिथलं खोटं माझं एकटीचं.

अर्धा लिटर

किडनी बंद पडली की पाणी बाहेर जात नाही, म्हणून आत घ्यायचंही नाही. दिवसाला अर्धा लिटर. त्यात गोळ्या गिळायच्या, चहा, डाळीचं पाणी, सगळं धरायचं. सिस्टरनं बाटलीवर पेनानं रेघा मारून दिल्या होत्या.

मैदानावर तहान लागत नव्हती, ती सगळी तहान इथं आली. जीभ टाळूला चिकटायची. सलाईनच्या बाटलीतला थेंब पडताना बघत बसायचे. माय बाहेर जाऊन तोंड धुऊन यायची आणि तिच्या हनुवटीला पाणी लागलेलं दिसलं की मला रडू फुटायचं. एकदा मी बेसिनपाशी जाऊन नळाला तोंड लावलं. दोन घोट मिळाले, तेवढ्यात मावशीनं, म्हणजे वॉर्डातल्या आयानं, दंडाला धरून ओढलं आणि सगळ्या वॉर्डासमोर शिव्या घातल्या. "मरायची घाई झालीय का तुला?" त्या दिवशी छातीत पाणी चढलं. ऑक्सिजनचा मास्क लावून आडवी पडले होते, तरी मनात त्या दोन घोटांचीच चव.

शेजारच्या खाटेवर देगलूरकडची एक म्हातारी होती, तिचं डायलिसिस कायमचं. ती झोपेत "निळ्ळू, निळ्ळू" म्हणायची. तेलुगूत पाणी. जागी असली की मराठीत बोलायची आणि मला शहाणं करायची. "बर्फाचा खडा घी, गालात ठिव. गिळू नको, इसरून जा त्याला." लिंबाची फोड जिभेला लावायलाही तिनंच शिकवलं. मी तिला विचारलं, "आजी, किती दिवस झाले?" ती म्हणाली, "मोजणं सोडलं. मोजलं की तान लागती." माझ्या सगळ्या आजारपणात एवढं सरळ माझ्याशी कुणी बोललं नाही.

रविवार

बाराव्या दिवशी, रविवारी, दुपारी भेटायच्या वेळेला जयू आली. घरी उमरीला चालली होती, वाटेत उतरली. आल्या आल्या खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिली, बसलीच नाही. डोळे मोठे झालेले, ओठ फुटलेले, गाल आत. बोलताना जबडा नुसता हलत होता.

"अक्का, माझा टाइम आला बघ! तीन मिनटांच्या आत! तुझा बी टाइम मोडला मी!"

मी म्हणाले, "शाब्बास."

"तुझा डबा मी घेतला अक्का. वाया गेला असता. रागावली न्हाईस ना?"

"न्हाई."

"सर म्हणून राहिलेत, भरतीच्या दिवशी दीड चमचा घे म्हणून. मला जरा भ्याव वाटतंय. एक घेतलं तरी कानात नुसतं गुंई-गुंई करतं. तू सांग ना, दीड घेऊ का एक?"

मायनं नुकताच बर्फाचा खडा दिला होता, तो गालात होता. मी तो दुसऱ्या गालात सरकवला. मानेत नळी, हाताला सुया, पायांत उभं राहायचं बळ नाही. या पावडरनं मला इथं आणून टाकलंय हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं, मायला माहीत नव्हतं, मला होतं.

मी म्हणाले, "एकच घे."

जयू खूश झाली. "मला बी तेच वाटलं होतं," म्हणाली. मायच्या पाया पडली, माझ्या गालाला हात लावला आणि पळतच जिना उतरून गेली.

मंगळवारची लघवी

त्यानंतर दोन दिवसांनी मला लघवी झाली. अर्धी वाटी असेल नसेल, पण झाली. माय ते भांडं दोन्ही हातांत धरून वॉर्डभर फिरली. सिस्टरला दाखवलं, आयाला दाखवलं, देगलूरच्या म्हातारीला दाखवलं. म्हातारी म्हणाली, "सोनं हाय सोनं." सगळा वॉर्ड हसला. मी पण हसले, किती दिवसांनी. डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी भांड्यात बघून मान डोलावली आणि बाटलीवर पेनानं नवी रेघ मारली, आधीच्या रेघेच्या दोन बोटं वर. रेघ वर गेली म्हणून मी डोळे पुसत होते.

आजारपणात अशा दिवशी माणूस सगळं विसरतं. मीही विसरले. भरती गुरुवारी होती. माझ्या हाताशी मायचा मोबाइल होता, दोन दिवस होते, जयूचा नंबर पाठ होता.

गुरुवार

अकॅडमीतल्याच एका पोरीचा फोन आला. मायनं उचलला आणि नुसती "हाव, हाव" करत राहिली. मग फोन माझ्या कानाला लावला.

जयू शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. तिथं पडली. पडताना कुणाला हाक मारली नाही, छातीला हात लावला नाही, नुसती पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी डॉक्टर मॅडमना बोलवून घेतलं आणि सगळं सांगितलं. डबा, फूल, कोरडा चमचा, सर, गाडीतलं बोलणं, रविवार. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि लिहून घेत गेल्या. डब्यावर काय नाव होतं, आत काय काय लिहिलं होतं, जेवढं आठवलं तेवढं सांगितलं.

"हे फुलाबिलात नसतं," त्या म्हणाल्या. "कारखान्यात बनवतात. फार पूर्वी चोंदलेलं नाक मोकळं करायला वापरायचे, मग बंद झालं. आता डब्यात घालून विकतात आणि वर फूल छापतात. रक्ताच्या नळ्या आवळतं, बीपी चढवतं, हृदय पळवतं. आणि तुम्ही उन्हात, बिनपाण्याच्या..." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी मी तुझ्या अकॅडमीत फोन केला असता."

त्या निघून गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी चांगलंच वागल्या, औषधं वेळेवर, विचारपूस सगळी. पण पुन्हा कधी मला बेटा म्हणाल्या नाहीत.

घर

पप्पा आले ते सगळं कळल्यावर. उभेच राहिले. मला वाटलं मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एका बापानं लेक जाळली. माझी वाचली. ह्याचं बरं मानावं का वाईट, मला समजंना झालंय." मायनं त्यांना, "अवो, पोरीसमोर काय बोलता," म्हणून बाहेर ओढलं. बाहेर दोघांचं भांडण झालं, तेही ऐकू येत होतं. माय म्हणत होती, तुम्हीच धाडलं तिला. पप्पा म्हणत होते, तू कधी विचारलंस का काय खाती, काय पिती? पंचवीस वर्षांचा संसार माझ्या खाटेपायी त्या व्हरांड्यात उसवला, अजून नीट शिवला गेलेला नाही.

सरांनी पोलिसांना जबाबात सांगितलं, असला डबा आपण पाहिलाही नाही. अकॅडमीची पाटी बदलली, गल्ली बदलली, आता दुसऱ्या नावानं चालू आहे. माझी मानेतली नळी तेविसाव्या दिवशी काढली. किडन्या सुरू झाल्या, पूर्ण नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, दुखण्याची गोळी कधी घ्यायची नाही, मीठ कमी. वर्दीचं म्हणाल तर ती तशीही गेली. मला मेडिकलला कोण पास करणार? ज्या शेऱ्याला भिऊन गप्प बसले तो शेरा कुणी लिहिलाही नाही.

तर पोरींनो, डब्यावर फूल आहे का पान, बघू नका. कोण देतंय, तेही बघू नका. मैदानावर संडास मागा, भांडून मागा, लाज वाटू देऊ नका. पाणी प्या. आणि डॉक्टरनं विचारलं की सांगा. समोर कुणीही उभं असो, सांगा.

मावशी

नळी काढायच्या आदल्या दिवशी जयूची आई आली. उमरीहून एकटीच. डोक्यावर पदर, पायांत फाटक्या चपला. मायनं तिला स्टूल दिलं. तिनं मायचा हात धरला, दोघी रडल्या. मग ती माझ्याकडं वळली.

"तुला एकच इच्यारायला आले माय. गावात म्हणून राहिलेत, पोरीनं नंबर यावा म्हणून जास्तीचं घेतलं, हावरेपणा केला. तिचा बाप तर बाहेर पडंना झालाय. तुझ्याकडं आली होती ना त्या रविवारी? तुला तर म्हाईत असंल."

"तिनं जास्त नसंल घेतलं मावशी," मी म्हणाले. "तिनं मला विचारलं होतं. मी म्हणाले, एकच घे."

मावशीनं डोळे मिटले. तिच्या तोंडावर असं काही आलं की मला बघवेना. तिला बरं वाटलं होतं. "मग एकच घेतलं असंल तिनं," ती म्हणाली. "न्हाई, हावरी नव्हतीच माझी लेक. बरं झालं सांगितलंस. गावात सांगते."

मी तिथं थांबू शकले असते. ती तशीच समाधानानं गेली असती. पण मी म्हणाले, "मावशी, घेऊच नको म्हणायला पाहिजे होतं मी. त्यानंच मला असं झालं, मला म्हाईत होतं."

शिवी नाही, शाप नाही. "मग म्हणली का न्हाईस माय?"

"माझी वर्दी जाईल म्हणून," मी म्हणाले.

हे खरं होतं. डॉक्टरांना हेच सांगितलं, पोलिसांना हेच सांगितलं. पण कारणं दोन होती, आणि दुसरं मी मावशीला सांगितलं नाही, आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. जयू माझ्या खाटेशी दोन धड पायांवर उभी राहून, तुझा टाइम मोडला म्हणाली, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, घे. तुलाही कळू दे.

मावशी उठली. पिशवी खांद्याला लावली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू तरी बरी हो माय," म्हणाली आणि उमरीची गाडी धरायला निघून गेली.